दोन यंत्रांची एक रोजनिशी



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने व्याख्यानमालेत पगारवाढीवर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर सहकारावर बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आम्ही आज मोबाईलमधल्या रोजनिशीवर बोलणार आहोत, आणि तेही तिच्यातल्या एका बिघाडावर. फोनवर लिहिलेली नोंद घरच्या संगणकावर दिसत नाही, संगणकावर लिहिलेली फोनवर येत नाही, किंवा एकाच दिवसाच्या दोन निरनिराळ्या नोंदी समोर येतात, हा तो बिघाड होय. विषय किरकोळ वाटेल. परंतु दूधगंगा आणि वेदगंगा या दोन्ही नद्यांचे नाव धारण करणारा सहकारी साखर कारखाना ज्या बिद्री गावी उभा आहे, तेथील ज्या माणसाने एक तरी गाळप हंगाम पाळीवर काढला असेल, त्याला तो किरकोळ वाटणार नाही अशी आमची खात्री आहे.

हंगामी कामगाराची सारी मिळकत दिवसांच्या हिशेबावर उभी असते. कोणत्या तारखेस तो कामावर चढला, किती पाळ्या भरल्या, कोणत्या रात्री जादा थांबला, गाळप बंद पडले तेव्हा त्याला घरी पाठविले की कामावर ठेवले, या साऱ्यांवर त्याची मजुरी, त्याची ग्रॅच्युइटी आणि पुढल्या हंगामातला त्याचा नंबर अवलंबून असतो. मस्टर कचेरीच्या कपाटात असते. कामगाराजवळ असते ती फक्त त्याची स्वतःची नोंद. पूर्वी ती सदऱ्याच्या खिशातल्या छोट्या वहीत असे. आज ती मोबाईलमध्ये असते, तिच्याबरोबर पगारपत्रकाचा फोटो असतो, आणि कित्येकदा मुलांच्या आजाराची, शेतीच्या देण्याघेण्याची व मनातल्या सुखदुःखाचीही नोंद असते. तेव्हा ही रोजनिशी हरवली तर केवळ हौस हरवत नाही, हक्काचा पुरावा हरवतो.

हा विषय समजावून घेण्यास इंजिनियर असण्याची आवश्यकता नाही. आमचेही शिक्षण शाळेच्या बाहेरच पुष्कळसे झाले आहे. जे विचारून, पाहून आणि करून समजले, तेच येथे मांडतो.

मेळ म्हणजे काय

दोन यंत्रांवरील नोंदी सारख्या ठेवण्याच्या क्रियेला तंत्रज्ञ सिंक म्हणतात. आपल्या दुकानदारीत त्याला फार जुना शब्द आहे: मेळ. दिवसाची जमा आणि खर्च लिहून संध्याकाळी शिल्लक जुळविणे म्हणजे रोजमेळ घालणे. आपल्याकडची हिशेबाची पद्धतही प्राचीन आहे. किर्दीत तारखेप्रमाणे जे घडले ते लिहावयाचे, आणि मग तेच खतावणीत नावाप्रमाणे उतरवावयाचे. पेशव्यांच्या दप्तरात अशा रोजकिर्दी होत्या. त्यांतील निवडक नोंदी गणेश चिमणाजी वाड यांनी वेचून काढल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या छापून प्रसिद्ध झाल्या. ते दप्तर आजही पुण्यात आहे.

किर्द आणि खतावणी जुळेनाशी झाली तर कारकून काय करतो? तो किर्दीकडे जातो. कारण किर्द ही मूळ आणि खतावणी ही तिच्यावरून केलेली, हे आधीच ठरलेले असते. मूळ कोणते आणि नक्कल कोणती हे ठाऊक असले की भांडण मिटते.

मोबाईलच्या रोजनिशीत नेमकी येथेच अडचण आहे. फोनवरची वही ही किर्द, आणि संगणकावरची वही हीसुद्धा किर्दच. दोन्ही ठिकाणी आपण मूळ नोंद लिहितो. आणि या दोघींमध्ये तिसरी एक वही असते, ती दूर कोठेतरी कंपनीच्या इमारतीतल्या संगणकावर. तिलाच क्लाऊड अथवा मेघ म्हणतात. नाव आभाळातले असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. भिंती, वीज, पंखे, कुलूप आणि पहारेकरी असलेली ती एक वखार आहे, आणि ती आपल्या मालकीची नाही.

काम असे चालते. आपण फोनवर नोंद लिहिली की ती प्रथम फोनच्याच पोटात साठते. मग जाळे मिळाले की फोन ती वखारीकडे पाठवितो. वखार तिची प्रत ठेवते. संगणक चालू झाला की तो वखारीला विचारतो, ‘माझ्यामागे नवे काही आले काय?’ आणि आलेले उतरवून घेतो. म्हणजे फोन आणि संगणक एकमेकांशी बोलतच नाहीत. दोघेही वखारीशी बोलतात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर निम्मा उलगडा झाला. नोंद दिसत नसेल तर प्रश्न दोनच उरतात. ती फोनवरून निघालीच नाही, की वखारीतून संगणकाकडे उतरली नाही?

याचे उत्तर काढण्याचा सोपा मार्ग असा. काही ॲपांची रोजनिशी संगणकाच्या ब्राउझरमध्ये खात्याचे नाव व पासवर्ड घालून उघडता येते. तेथे जे दिसते ते वखारीतले. नोंद तेथे असेल तर दोष उतरवून घेणाऱ्या यंत्राचा. तेथे नसेल तर दोष पाठविणाऱ्या यंत्राचा. ही सोय नसेल तर तिसऱ्या एखाद्या यंत्रावर त्याच खात्याने ॲप उघडून पाहावे.

मेळ कोठे मोडतो

दोष बहुतेक वेळा पुढील आठ ठिकाणी सापडतो. आम्ही ते सोप्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत, आणि तपासणीही त्याच क्रमाने करावी.

पहिले ठिकाण खात्याचे. फोन घेताना दुकानदाराने एक नवे ईमेल खाते काढून दिलेले असते, संगणकावर मुलीने दुसऱ्याच खात्याने प्रवेश केलेला असतो. वखारीत मग एकाच माणसाच्या नावे दोन वेगळ्या खोल्या पडतात, आणि एका खोलीतला माल दुसरीत कधीच येत नाही. काही ॲपांत ईमेल तेच असले तरी एकदा पासवर्डने आणि एकदा गुगल किंवा ॲपलच्या बटणाने प्रवेश केला म्हणजे दोन खाती तयार होतात. दोन्ही यंत्रांवर खात्याचे पान उघडून अक्षरन् अक्षर ताडून पाहावे.

दुसरे ठिकाण ॲपच्याच सोयीचे. ते ॲप दुसऱ्या यंत्रासाठी आहे का, आणि मेळाचे बटण चालू आहे का, हे पाहावे. ॲपलचे जर्नल नावाचे ॲप डिसेंबर २०२३ मध्ये आले ते केवळ आयफोनसाठी. आयपॅड आणि मॅक संगणकावर ते २०२५ साली पोचले. मधल्या काळात ज्याने आयपॅडवर आपली रोजनिशी शोधली त्याच्या यंत्रात काही दोष नव्हता. तेथे ते ॲपच नव्हते. काही ॲपांत दुसऱ्या यंत्रावर वही न्यावयाची तर वर्गणी भरावी लागते, आणि वर्गणीची मुदत सरली की मेळ थांबतो. काहींत प्रत्येक वहीसाठी वेगळे बटण असते; घरची वही मेळात आणि कामाची वही बाहेर, असे होऊन बसते.

तिसरे ठिकाण जाळ्याचे व बॅटरीचे. फोनमध्ये बॅटरी वाचविण्याची आणि डेटा वाचविण्याची व्यवस्था असते. ती चालू असली म्हणजे ॲप डोळ्यांसमोर नसताना त्याला काम करू दिले जात नाही. पाळी संपवून आपण नोंद लिहितो, लगेच फोन खिशात टाकतो, आणि नोंद दारातच अडून राहते. फोटो केवळ वायफायवर पाठवावेत असेही बटण काही ॲपांत असते. मग मजकूर पोचतो व फोटो राहतो. अशा वेळी चांगल्या जाळ्यात उभे राहून ॲप उघडे ठेवून पाच-दहा मिनिटे स्वस्थ बसणे हा पहिला उपाय होय.

चौथे ठिकाण जागेचे. गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, आणि ती जीमेल, फोटो व ड्राइव्ह या तिघांत मिळून असते. व्हॉट्सॲपचा अँड्रॉइड फोनवरील बॅकअपही पूर्वी त्यात मोजला जात नसे, २०२४ पासून तो मोजला जाऊ लागला. ॲपलच्या आयक्लाऊडमध्ये फुकट जागा ५ जीबीच आहे. ज्या ॲपांची रोजनिशी आपल्याच ड्राइव्हमध्ये वा आयक्लाऊडमध्ये साठते, त्यांचा मेळ ही जागा भरली की बंद पडतो. सकाळच्या शुभेच्छांची चित्रे आणि लग्नाचे व्हिडिओ वखार भरून टाकतात, आणि चार ओळींची रोजनिशी दाराबाहेर उभी राहते.

पाचवे ठिकाण घड्याळाचे. याविषयी थोडे सविस्तर पुढे बोलू.

सहावे ठिकाण आवृत्तीचे. फोनवरचे ॲप नवे आणि संगणकावरचे तीन वर्षांपूर्वीचे असेल, तर नव्याने लिहिलेली नोंद जुन्याला वाचता येईलच असे नाही. दोन्हीकडे नवी आवृत्ती घ्यावी.

सातवे ठिकाण किल्लीचे. काही ॲपे नोंदी कुलूपबंद करून वखारीत पाठवितात, आणि त्याची किल्ली केवळ वापरणाराजवळ असते. कंपनीच्या माणसालाही ती नोंद वाचता येत नाही. ही फार चांगली व्यवस्था आहे. परंतु नव्या यंत्रावर ती किल्ली घातली नाही तर वही रिकामी दिसते, आणि किल्ली सर्वत्र हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही. ही किल्ली कागदावर लिहून रेशनकार्डाशेजारी ट्रंकेत ठेवावी.

आठवे ठिकाण दोन हातांचे. एकच नोंद फोनवर जाळे नसताना दुरुस्त केली आणि तीच संगणकावरही दुरुस्त केली, तर वखारीपुढे दोन दावे येतात. काही ॲपे शेवटचा दावा खरा मानून आधीचा पुसतात. काही दोन्ही ठेवतात आणि निवड आपल्यावर सोडतात. ड्रॉपबॉक्स अशा वेळी संघर्षाची प्रत म्हणून दुसरी फाईल वेगळ्या नावाने ठेवतो. दोन नोंदी दिसल्या म्हणून घाबरू नये, त्यातच आपला फायदा असतो. दोन्ही वाचाव्यात, हवे ते एकीत आणावे, आणि मगच दुसरी काढावी.

या आठांखेरीज एक दोष असा आहे की जो मेळाचा वाटतो पण नसतो. संगणकावर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या टंकात मराठी लिहिलेले असले, तर फोनवर ते इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या गिचमिडीसारखे दिसते. नोंद पोचलेली असते, केवळ वाचता येत नसते. युनिकोडमध्ये लिहिले तर हा त्रास होत नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये पालटून घेता येतो.

घड्याळ कोणाचे खरे

शेवटचा दावा खरा मानावयाचा तर शेवटचा कोणता हे कोणी ठरवावे? फोनचे घड्याळ की संगणकाचे? एका यंत्राचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल तर त्याची जुनी नोंदही दुसऱ्याच्या नव्या नोंदीवर मात करील, आणि नवी नोंद मुकाट्याने नाहीशी होईल. घड्याळ फारच चुकीचे असले, समजा वर्षच चुकले असले, तर वखारीशी होणारा सुरक्षित संबंधच जुळत नाही, कारण सुरक्षिततेच्या दाखल्यांना मुदत असते.

घड्याळाचा हा तंटा कामगारांना नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे ३९ मिनिटे मागे होती. घड्याळ पुढे सरकविले म्हणजे गिरणीचा भोंगा सूर्याच्या मानाने तेवढा लवकर होणार, म्हणून त्या महिन्यात मुंबईच्या गिरणीकामगारांनी निदर्शने केली. मुंबईच्या महापालिकेनेही पुढे कित्येक वर्षे जुनीच वेळ पाळली. एका शहरात दोन घड्याळे असली म्हणजे आधी कोण आला आणि उशिरा कोण आला हे ठरविता येत नाही, हा अनुभव आपल्या आजा-पणजांनी घेतलेला आहे.

संगणकाच्या जगात या प्रश्नाचा मूलगामी विचार लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७८ सालच्या एका निबंधात केला. त्याचा आशय आमच्या समजुतीप्रमाणे असा की, दूरदूरच्या यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळतील या भरवशावर बसू नये. पत्र पाठविणे हे पत्र मिळण्याच्या आधीच घडलेले असते, एवढे तरी निश्चित आहे. तेव्हा प्रत्येक यंत्राने आपल्या प्रत्येक कृतीला चढता क्रमांक द्यावा, पत्राबरोबर तो क्रमांक पाठवावा, आणि घेणाऱ्याने आपला क्रमांक त्याच्यापुढे न्यावा. जावक रजिस्टरावर नंबर घालणाऱ्या कारकुनाला ही युक्ती पटकन कळेल. पावतीवरचा नंबर घड्याळापेक्षा विश्वासू असतो. चांगली ॲपे आज याच जातीच्या युक्त्या वापरतात, परंतु सगळीच वापरतात असे धरून चालू नये. आपल्यापुरता उपाय सोपा आहे. प्रत्येक यंत्रावर वेळ व तारीख आपोआप घेण्याचे बटण चालू ठेवावे, आणि नोंदीच्या मजकुरातच स्वतः तारीख व पाळी लिहावी. ‘१४ डिसेंबर, रात्रपाळी’ एवढे शब्द मजकुरात असले, की कोणत्याही यंत्राच्या घड्याळाने ते बदलत नाहीत.

दुरुस्तीचा क्रम

आता एक प्रत्यक्ष घडलेली हकीकत सांगतो. आमच्या परिचयातील एक हंगामी कामगार आपली रोजनिशी फोनवर लिहीत असे, आणि ती घरच्या संगणकावर उमटत असे. हंगाम संपल्यावर दिवसांच्या मोजणीवरून कचेरीशी मतभेद झाला. त्याने संगणक उघडला, तर १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या २३ दिवसांच्या नोंदी तेथे नव्हत्या. फोनवर मात्र होत्या. मोबाईलच्या दुकानात त्याला सल्ला मिळाला की ॲप काढून टाका आणि पुन्हा घाला, सगळे सुरळीत होईल. तो करणारही होता. त्याच्या मुलीने त्याचा हात धरला.

तिने हात का धरला हे नीट समजून घ्यावे. त्या २३ दिवसांच्या नोंदी वखारीत पोचलेल्याच नव्हत्या. साऱ्या जगात त्यांची एकच प्रत होती, ती त्या फोनच्या पोटात. ॲप काढले असते तर फोनमधली वही पुसली गेली असती, आणि नव्याने घातलेल्या ॲपने वखारीतून २३ दिवसांविना वही उतरवून घेतली असती. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे मेळ खरोखरच जमला असता. दोन्हीकडे सारखेच दिसले असते, आणि दोन्हीकडे ते दिवस नसते.

त्या मुलीने जे केले तोच दुरुस्तीचा योग्य क्रम होय. तिने प्रथम दोन्ही यंत्रांवरील नोंदी मोजून कोणती वही अधिक भरलेली आहे ते पाहिले. नंतर त्या भरलेल्या वहीची निर्यात केली, म्हणजे ॲपच्या सेटिंगमधील एक्स्पोर्टच्या बटणाने साऱ्या नोंदींची एक पीडीएफ आणि एक मूळ स्वरूपाची फाईल काढली, आणि ती केबलने संगणकावर व पेनड्राइव्हवर घेतली. प्रत हाती आल्यावरच तिने कारण शोधले. खाते तेच होते, बटण चालू होते, जाळे चांगले होते. जागेचे पान उघडले, तेव्हा १५ जीबीची वखार काठोकाठ भरलेली आढळली. ती डिसेंबरातच भरली होती. तिने नको असलेले व्हिडिओ काढले, ड्राइव्हची कचरापेटीही रिकामी केली, कारण पेटीतला मालही जागा अडवून बसतो. मग ॲप उघडे ठेवून फोन चार्जरला लावला. रात्रीपर्यंत २३ नोंदी संगणकावर उमटल्या. पुढे मोजणीच्या वेळी त्या नोंदी समोर ठेवता आल्या.

मग जानेवारीच्या ६ तारखेपासून नोंदी संगणकावर कशा होत्या, असा प्रश्न चौकस श्रोत्याला पडेल. त्या दिवसापासून तो फोन घरी ठेवून संगणकावरच लिहीत होता, आणि संगणकावरच्या नोंदी संगणकातच साठत होत्या. दोन्ही बाजूंनी दार बंद होते, आणि दोन्ही वह्या आपापल्या परीने वाढत होत्या.

तेव्हा नियम असा: आधी पाहणी, मग प्रत, मग कारण, मग दुरुस्ती. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक बदलानंतर ‘चाचणी’ म्हणून एक ओळ लिहून ती दुसरीकडे उमटते का ते पाहावे. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर कशाने चालू झाले ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारच. अँड्रॉइड फोनमध्ये ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ अशी दोन बटणे शेजारी शेजारी असतात. पहिल्याने तात्पुरता साठा जातो, दुसऱ्याने वहीच जाते. प्रत हाती असल्याशिवाय दुसऱ्याला बोट लावू नये. खात्यातून बाहेर पडणे, ॲप काढणे, फोन मुळापासून पुसणे, हे सर्व शेवटचे उपाय आहेत.

मेळ म्हणजे राखण नव्हे

एक मोठा गैरसमज असा आहे की, नोंद तीन ठिकाणी आहे म्हणजे ती तिप्पट सुरक्षित आहे. तसे नाही. मेळाचे काम सगळीकडे सारखे ठेवणे हे आहे. आपण फोनवर नोंद पुसली तर मेळ इमानेइतबारे ती वखारीतून आणि संगणकावरूनही पुसतो. काही ॲपांत पुसलेले थोडे दिवस वेगळ्या पेटीत राहते, तेथे आधी शोधावे. परंतु त्या पेटीवर भिस्त ठेवू नये. राखण ठेवावयाची ती वेगळी प्रत असावी, जिला मेळाचा हात पोचत नाही.

जाणकार लोक यासाठी एक सुटसुटीत हिशेब सांगतात. प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. घराबाहेर का, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. घरात पाणी शिरले म्हणजे वही, संगणक आणि पेनड्राइव्ह एकाच रात्री जातात. महिन्यातून एकदा निर्यात केलेली फाईल पेनड्राइव्हवर घालून उंचावरच्या गावी बहिणीकडे ठेवली, तर तेवढे पुरेसे आहे.

दोन प्रती जुळविण्याचे एक मोठे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे. हस्तलिखित सातबारा आणि संगणकावरचा सातबारा यांत फरक राहू नये म्हणून २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. उतारे सर्वांसमोर वाचून दाखवावयाचे, ज्याचे नाव वा क्षेत्र चुकले असेल त्याने तेथेच सांगावयाचे, आणि मग दुरुस्ती करावयाची. शासनाच्या यंत्रावरही डोळे झाकून विश्वास ठेवला गेला नाही, माणसांनी बसून वाचले. आपल्या रोजनिशीचे असे चावडीवाचन महिन्यातून एकदा घरच्या घरी करावे. दोन्ही यंत्रे शेजारी ठेवावीत, शेवटच्या दहा नोंदी ताडून पाहाव्यात. दहा मिनिटांचे काम आहे.

वही कोणाची

शेवटी संघटनेच्या कार्यकर्त्याने जे सांगितलेच पाहिजे ते सांगतो. ॲपे विकली जातात, त्यांच्या व्यवस्था बदलतात. डे वन नावाचे रोजनिशीचे ॲप २०११ साली निघाले. आरंभी त्याच्या नोंदी आयक्लाऊड वा ड्रॉपबॉक्सच्या वखारीतून फिरत. २०१६ साली दुसरी आवृत्ती आली तिच्यात कंपनीची स्वतःची मेळव्यवस्था होती. २०२१ साली ऑटोमॅटिक या कंपनीने ते विकत घेतले. यात कोणाचा अपराध नाही, धंदा असाच चालतो. परंतु वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावे की, आपली रोजनिशी ज्या वखारीत आहे तिचा मालक बदलू शकतो, भाडे वाढू शकते, दार बंद होऊ शकते. म्हणून ॲप निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा, की माझ्या साऱ्या नोंदी मला साध्या स्वरूपात बाहेर काढता येतात काय? येत नसतील तर ते ॲप कितीही सुंदर असो, कामगाराच्या कामाचे नाही.

दुसरी गोष्ट पुराव्याची. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयापुढे कशी ठेवावी आणि तिच्याबरोबर कोणते प्रमाणपत्र द्यावे, हे सांगितले आहे. तपशील वकिलाकडून समजून घ्यावा. परंतु नोंद ज्या यंत्रावर मुळात लिहिली ते यंत्र जपून ठेवणे, नोंदी त्या त्या दिवशीच लिहिणे, आणि मागाहून त्यांत खाडाखोड न करणे, एवढे पथ्य आपल्या हातात आहे. जुना फोन विकण्याची घाई करू नये.

आणि तिसरी गोष्ट परस्परविश्वासाची. संघटनेच्या कार्यकर्त्याच्या रोजनिशीत इतर कामगारांची नावे व अडचणी असतात. ती वही कारखान्याच्या कचेरीतल्या संगणकावर उघडू नये, उघडावीच लागली तर काम होताच खात्यातून बाहेर पडावे. मेळ ठेवावयाचा तो आपल्या यंत्रांमध्ये, दुसऱ्याच्या नव्हे.

मालकाजवळ मस्टर असते, बँकेजवळ खातेवही असते, तलाठ्याजवळ दप्तर असते. या सर्वांच्या नोंदी राखण्यास पगारी माणसे आहेत. कष्टकरी माणसाची नोंद राखण्यास तो एकटाच असतो, आणि पाळी संपवून आल्यावर डोळे मिटत असताना त्याने लिहिलेल्या त्या दोन ओळी असतात. त्या ओळी दोन्ही यंत्रांवर आहेत की नाहीत हे आज घरी गेल्यावर एकदा पाहावे, आणि काही बदलण्याआधी त्यांची एक प्रत बाहेर काढून ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.